चित्रकलेच्या बाईंची पीएच.डी.

चोंढी नाक्याजवळच्या हायस्कुलात प्रज्ञा ओव्हाळ चित्रकला शिकवायची. चाळिशी ओलांडल्यावर तिने कलाशिक्षणात पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा शिक्षकखोलीत हशा पिकला. गणिताचे दत्तात्रेय सर कपाळ धरून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, डोकं दुखतंय, एखादी गोळी द्या." तीही हसली. पण तो विनोद रोजचाच झाला, आणि ती डबा घेऊन चित्रकलेच्या खोलीत एकटीच बसू लागली.

घरीही तेच. लग्न जमता जमता राहिलेलं. आई होती तोवर "किती शिकशील गं अजून?" असं विचारणारं कुणीतरी होतं. प्रबंध निम्म्यावर आला आणि आई, इंदूबाई, गेली. धाकटा भाऊ प्रथमेश खारघरला. तो फोन करायचा, पण गाडी चालवताना. सिग्नल सुटला की बोलणंही तुटायचं.

तिचा विषय सांगायला सोपा होता. पहिली-दुसरीतली पोरं भिंत म्हणत नाहीत, फरशी म्हणत नाहीत, रंगवत सुटतात. तीच आठवीत आली की हात का आखडतात? रेवसपासून अलिबागपर्यंतच्या शाळा तिने पालथ्या घातल्या. नववीतल्या प्राप्तीला तिने पाचवीत शिकवलेलं होतं. तिला विचारलं, "तू तर वह्याच्या वह्या भरायचीस ना गं?"

"तेव्हा यायचं मॅडम. आता येत न्हाय."

"येत नाही, की काढत नाहीस?"

प्राप्तीने बाकावरच्या रंगाची खपली नखाने उकरली. "वाईट आलं तर सगळी हसतात. त्यापेक्षा न्हाय काढलं तर कोण बोलत न्हाय."

हे उत्तर घेऊन प्रज्ञा घरी आली, तर ते सांगायला कुणी नव्हतं. तिने स्वतःशीच मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि दचकून गप्प झाली.

मग वर्षं गेली. रविवार, दिवाळी, मे महिना, सगळं लॅपटॉपपुढे. मुंबईच्या मार्गदर्शक अमिषा मॅडम मायाळू होत्या, पण त्यांचंही बोलणं कामापुरतं. "हे प्रकरण परत लिही, प्रज्ञा." ती परत लिहायची.

शेवटची तोंडी परीक्षा, व्हायवा, सगळ्यांना खुला असतो, म्हणून तिने शाळेत आमंत्रण दिलं, प्रथमेशलाही कळवलं. सगळ्यांनी "नक्की येतो" म्हटलं. नेमकी त्या दिवशी शाळेत तपासणी लागली आणि प्रथमेशची मीटिंग निघाली. ती रेवसहून एकटीच लाँचमध्ये बसली, मांडीवर साडीच्या निऱ्या आणि प्रबंध सांभाळत. मुंबईला विद्यापीठाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. मागे दोन विद्यार्थी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले.

ती छान बोलली. प्राप्तीचं सांगताना तर त्या दोघा पोरांनीही मोबाईल खाली ठेवले. शेवटी बाहेरून आलेले वृद्ध परीक्षक म्हणाले, "एक प्रश्न. प्रबंधातला नाही. तुम्ही स्वतः शेवटचं चित्र कधी काढलंत?"

फळ्यावर घडा, सफरचंद, पाटी-पेटी ती रोज काढत होती. पण ते काही चित्र नव्हे, हे तिला समजत होतं.

"आठवत नाही, सर."

परीक्षकांनी नुसती मान हलवली. त्यांच्या नजरेत दोष नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. अमिषा मॅडमनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन, डॉक्टर प्रज्ञा!" भाऊच्या धक्क्यावरून परतताना तिच्या हातात पुष्पगुच्छ होता. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "लग्नाला जाऊन आलात का?" ती "हो" म्हणाली. खरं सांगायला फार बोलावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी ती कागद, पेन्सिल घेऊन किहीमच्या किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती. समोर वाळूत एक होडी कलंडून पडलेली. तिने रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. हात लाकडासारखा झाला होता. खडकावरची कालवं काढून परतणारी जनी नावाची म्हातारी दम खायला शेजारी टेकली. बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

"काय काढतेस गो?"

"होडी."

"व्हय? मला बसलेला बैल वाटला."

प्रज्ञाने कागद दूर धरून पाहिला. खरंच बैल होता, शिंगांसकट. तिला हसू फुटलं, आणि जनीलाही. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग जनीने टोपली डोक्यावर घेतली आणि ती वाटेला लागली.

किनारा रिकामा झाला. प्रज्ञाने नवा कागद लावला. दुसरी होडीही धड आली नाही, पण ती तिने खोडली नाही. खाली तारीख टाकून तिसरीला हात घातला. त्यानंतर ती दर रविवारी किहीमला जाऊ लागली. जनी कधी भेटायची, बहुतेकदा नाही.