तिसऱ्या कडव्यातली बाई

मुलचेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथे टीव्ही होता तो आमच्याच घरी, आणि सिनेमाची कॅसेटही एकच. धाकटे काका तालुक्याला लग्नांचं शूटिंग करायचे. व्हीसीआर त्यांचा, कॅसेटही त्यांचीच. नाचगाण्यांनी भरलेला सिनेमा होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. लाईट असली की रविवारी दुपारी सगळी पोरं आमच्या घरापुढच्या छपरीत गोळा व्हायची.

त्यात नायिका नावेत बसून एक गाणं म्हणते. दोन कडवी व्हायची, मग चित्र थरथरायचं, आवाज जायचा आणि दुसरीच एक बाई दिसायची. हिरवं पातळ नेसलेली, तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसलेली, थेट आमच्याकडे पाहणारी. तिचे ओठ हलत राहायचे, शब्द मात्र ऐकू यायचे नाहीत. मग पुन्हा थरथर, आणि नायिका नावेतून उतरून नाचायला लागायची.

आम्हांला वाटायचं, सिनेमाच तसा आहे. आम्ही रांगेत बसून त्या बाईसारखे ओठ हलवायचो, तोच आमचा खेळ. तेवढ्या वेळात आई तांदूळ निवडायचं थांबवायची. काका कुठेही असोत, दाराशी येऊन उभे राहायचे. बाई गेली की जाळं खांद्यावर टाकून तलावाकडे निघून जायचे.

पुढे व्हीसीआर बिघडला, माझं लग्न झालं, मी चंद्रपूरला आले. मुलगी पाच वर्षांची असताना बाजारात त्याच सिनेमाची सीडी दिसली. दुपारी दोघी पाहायला बसलो. नायकाचं पोट सुटलेलं होतं, जंगल रंगवलेल्या कापडाचं होतं. मला हसू आवरत नव्हतं.

नावेतलं गाणं लागलं. दुसरं कडवं संपलं आणि मी नकळत सावरून बसले. पण चित्र थरथरलं नाही. नायिका गात राहिली, नाव पुढे जात राहिली. हे तिसरं कडवं मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

मुलगी पडदा सोडून माझ्याकडे पाहत होती.

"आई, तुले हे गाणं पाठ आहे?"

"नाई. काऊन?"

"मंग तू म्हणून कशी राह्यली?"

मी ओठांना हात लावला. ते हलत होते. नायिकेच्या तोंडून निघणारा एकेक शब्द ते आवाज न करता म्हणत होते. मी उठून टीव्ही बंद केला. बाहेर ऊन होतं, शेजारीण पापड वाळत घालत होती, तरी मला घरात थांबवेना.

संध्याकाळी आईला फोन केला. "आपल्या कॅसेटमधली ती हिरव्या पातळाची बाई, ती या सीडीत नाई."

 आई म्हणाली, "ती सिनेमातली नव्हती, बाई. तुही काकू होय ती. तू पाळण्यात होती तवा तलावात गेली. पाय घसरला म्हणतात. मले काई माहीत नाई."

दिवाळीत गावी गेले. काका पाळीवर जाळं विणत बसले होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "काका, काकू काय म्हणून राह्यली होती त्याच्यात?"

त्यांनी मान वर केली नाही. "गाणंच. तेच, नावेतलं. तिले लई आवडे. मी क्यामेरा पाहून राह्यलो होतो, तर ती म्हणे, मी गाणं म्हणतो, तुम्ही काढा. मंग व्हीसीआरवर उतरवाले गेलो, तर ते चुकून सिनेमाच्या कॅसेटवर उतरलं, अन् आवाजाची वायर लावाची राहून गेली." जाळ्याची गाठ ओढून म्हणाले, "क्यामेऱ्यातल्या कॅसेटवर मी दुसऱ्याचं लग्न काढलं. आता हे इतकंच आहे."

मी त्यांना माझ्या ओठांचं सांगितलं नाही. कॅसेट मागितली, सीडी करून आणते म्हटलं. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून दिली.

चंद्रपूरच्या दुकानदाराने आठ दिवसांनी सीडी दिली. म्हणाला, "ताई, कॅसेटले बुरशी लागली होती. सिनेमा आला, पण मधात एका गाण्यात नुसता निळा पडदा आहे. तिथं काईच नाई."

मी घरी तीनदा लावून पाहिली. निळा पडदा, आवाज नाही. ओठ दातांखाली धरून पाहिली.

पुढच्या रविवारी सीडी घेऊन गावी गेले. खरं सांगायचं ठरवलं होतं, पण काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीपुढे बसले होते. शेजाऱ्यांचा सीडी प्लेअर मागून आणून जोडलेला होता. मी सीडी लावली. दोन कडवी झाली. पडदा निळा झाला, त्यांचा चेहराही निळा दिसायला लागला. ते पुढे वाकले. त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली, जिथे आवाजच नव्हता तिथे.

नायिका परत आली तसे ते मागे टेकले.

"साफ दिसते आता," ते म्हणाले. "आधी इतकी साफ नव्हती दिसत."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात सूप तसंच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, काही बोलू नको म्हणून.

"होय, काका," मी म्हणाले.