वरची रेघ खरी

कारखान्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे 'काटा' म्हणत. तराजूचा काटा मधोमध उभा राहावा तसं त्याचं काम, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. वय चौतीस, त्यातली पंधरा वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर गेलेली. पत्र्याच्या शेडमध्ये आठ लेथ होते आणि सात टर्नरांच्या प्रत्येक नगाची तपासणी व्हायची. आठव्याचा नगांचा डबा आला की मिस्त्री वर न बघताच म्हणायचे, "काट्याचा का? मार शिक्का."

ही एवढीच त्याची श्रीमंती, आणि तो ती अंगावर दागिना मिरवावा तशी मिरवायचा. मिस्त्रींच्या कपाटात आकडे दाखवणारं नवीन मापयंत्र होतं. दोघंतिघं ते मागून नेत. काटा त्यांना म्हणायचा, "घड्याळ बघून भूक लागते का रे तुम्हाला?" स्वतः मात्र जुनाच मायक्रोमीटर वापरायचा, रेघांचा. नळीवर एक जाड आडवी रेघ, तिच्यासमोर फिरणाऱ्या भागावर बारीक रेघा. जाड रेघेसमोर जी बारीक रेघ येईल ते माप. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरचे दिवे फुटायला लागले. म्हणजे दिवे धड होते, त्याला ते फुटलेले दिसायचे. एका दिव्याचे पाच, आणि प्रत्येकाला शेपूट. वर्षात तीनदा चष्म्याचा नंबर बदलला, तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "डोळे आहेत की शेअर बाजार? माझ्या हातातलं काम नाही हे. मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हनुवटी टेकवायला लावून डोळ्यांचे नकाशे काढले. पडद्यावर दोन रंगीत गोल आले. उजव्यात मध्याच्या जरा खाली लालभडक डाग होता, डाव्यात नारिंगी.

"केराटोकोनस म्हणतात याला," बाई म्हणाल्या. "डोळ्याची पुढची पारदर्शक काच असते ना, ती पातळ होऊन पुढे येतेय. गोल असायला हवी, ती शंकूसारखी होतेय. डोळे चोळता?"

"लोखंडाच्या चुऱ्यात उभं राहून कोण चोळत नाही?"

"आजपासून तुम्ही नाही. उजव्याला कडक लेन्स देते. डाव्याला मात्र थेंब टाकून किरण द्यायचे. त्यानं काच कडक होते, पुढे सरकणं थांबतं."

"म्हणजे पोलादाला पाणी देतात तसं."

बाई हसल्या. "तसंच समजा. पण गेलेला आकार परत येत नाही, आहे तो राखायचा. म्हणून उशीर नको. नंतर काही आठवडे धुळीपासून लांब राहायचं."

काही आठवडे! शेडमध्ये ते 'डोळ्यांसाठी' म्हणून कसं सांगायचं? दात काढला म्हणावं तर आठवडे लागत नाहीत. घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?" तर म्हणाला, "चोळू नका म्हणाल्या." खोटं नव्हतं ते. खऱ्याचा फक्त एक तुकडा होता.

लेन्स शेडमध्ये टिकेना. एक कण आत गेला की डोळ्यात विंचू. मग ती डबीत आणि डबी खिशात. उजव्यानं फारसं दिसायचं नाही, सगळी भिस्त डाव्यावर. डाव्याला मायक्रोमीटरची जाड रेघ दोनदा दिसू लागली, एक वर, एक खाली; वरचीसमोर माप जास्त, खालचीसमोर कमी. बारीक रेघांची सावली इतकी फिकी की जाणवायचीच नाही, पण जाड रेघेची दोन्ही रूपं सारखीच काळी. खरी कोणती?

काट्यानं ते त्याच्या पद्धतीनं सोडवलं. माप आधीच ठाऊक असलेला नग घेतला, मोजून पाहिला. वरची रेघ बरोबर निघाली. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा वरचीच. नियम ठरला: वरची रेघ खरी, खालची सावली. त्या दिवशी तो घरी शीळ घालत गेला. रोग आपल्या जागी आणि आपण आपल्या जागी, आता दोघांचं जमलं, असं त्याला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख त्यानं पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. रोग मात्र तारखा पाळत होता.

शेडमध्ये तेव्हा लिफ्टच्या ब्रेकच्या पिनांचं काम चालू होतं. पिन अंगठ्याएवढी, बसणार पंचवीस मिलिमीटरच्या भोकात, आणि स्वतः भोकापेक्षा तीन रेघा जाड. त्या तीन रेघांवरच सगळी पकड. हातोड्यानं ठोकूनच ती आत जायची, म्हणून तर परत निघायची नाही.

एका दुपारी मिस्त्री काट्याच्या लेथजवळ येऊन थांबले. चेहरा खुललेला. "लिफ्टवाल्या फिटरचा फोन होता. म्हणतो, या वेळच्या पिना काय बनवल्यात राव! आधी ठोकून ठोकून खांदा दुखायचा, आता लोण्यात सुरी गेल्यासारख्या बसल्या. काट्याला माझा सलाम सांगा म्हणाला."

बाकीचे हसले. कुणी टाळ्या वाजवल्या. काटाही हसला. पण पिन लोण्यासारखी कशी बसेल? मग त्यानंच स्वतःला समजावलं: नवीन हातोडा असेल, किंवा तेल जास्त लावलं असेल. माणसाला आपल्या कौतुकाविरुद्ध पुरावा शोधायची हौस नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला कामावर लवकर जायचं होतं. ती औषधांच्या दुकानात बसायची. "अहो, कपडे तेवढे वाळत घाला," म्हणून ती केस विंचरायला लागली. काट्यानं गॅलरीत जाऊन शर्ट झटकला. तार एकच होती, त्याला समोर दोन दिसत होत्या. नियमाप्रमाणे त्यानं शर्ट वरच्या तारेवर टाकला.

शर्ट खाली पडला.

"तारेवर टाकायचा असतो तो," बायको आतून म्हणाली.

त्यानं शर्ट उचलला, पुन्हा वरच्या तारेवर नेला. हाताला हवा लागली. मग हात हळूहळू खाली आणला, तशी खालची तार बोटांना गार लागली. तो तिथेच तार धरून उभा राहिला, चालत्या बसमध्ये दांडी धरावी तसा. सावली उलटली होती. डोळ्याची काच आणखी सरकली होती आणि जाताना नियम उलटा करून गेली होती.

"काय झालं? शर्ट आहे तो, साप नाही," म्हणत बायको बाहेर आली. त्याचा चेहरा पाहून तिच्या हातातली फणी थांबली. "दिसत नाहीय का तुम्हाला?"

"दिसतंय," तो म्हणाला. "चुकीचं दिसतंय." आणि मग सगळं सांगितलं. ढकललेल्या तारखा, रेघ, लोण्यासारख्या पिना.

फणी बाजूला ठेवून ती म्हणाली, "माझ्यापासून लपवलंत त्याचं मी नंतर बघते. चांगलं बघते. आधी त्या लिफ्टमध्ये माणसं चढतायत त्याचं बघा."

मिस्त्री चहा पीत होते. काटा समोर उभा राहिला. "मिस्त्री, माझ्या पिना परत मागवा. कमी भरल्यात."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मिस्त्री खो खो हसले. "ऐका रे! काट्याच्या पिना कमी भरल्यात! सकाळी सकाळी माझी फिरकी घेतोस?"

"थट्टा नाही. डोळे गेलेत माझे. म्हणजे जातायत."

"त्याला दृष्ट लागलीय," शेजारच्या लेथवरचा म्हणाला. "कालच्या टाळ्या बाधल्या."

बदनामी स्वतःहून देऊ केली तरी कुणी घेईना, अशी पंचाईत त्याच्या वाट्याला आली होती. पंधरा वर्षं कमावलेलं नावच आता दारात आडवं झोपलं होतं. शेवटी त्यानं मापाचा एक नग उचलला, मायक्रोमीटर लावला आणि म्हणाला, "मी वाचतो, तुम्ही पडताळा. पंचवीस आणि वर तीन."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पाहिलं. पुसून पुन्हा पाहिलं. मग कपाट उघडून ते आकडेवालं यंत्र काढलं. पडद्यावर पंचवीस होते. वर काहीच नव्हतं.

एकेक लेथ बंद होत गेला.

मिस्त्रींनी फिटरला फोन करून पत्ता घेतला, हत्यारांची पिशवी उचलली आणि एवढंच म्हणाले, "चल."

इमारत दहा मजली होती. लिफ्ट चालू होती. दाराशी एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि वरच्या लाल आकड्याकडे बघत होत्या. काट्यानंही पाहिलं. त्याला तिथे तीन आकडे दिसले, एकावर एक चढलेले. त्यातला खरा कुठला हे आता सांगता येणार नव्हतं.

"कितव्यावर आहे?" त्यानं मिस्त्रींना विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या डोळ्यानं बघत होता.

"सहा. पाच. येतेय."

त्यानं मनात मोजलं. चार. तीन. दार उघडलं, दोन शाळकरी मुली आणि एक कुत्रा बाहेर आला. मिस्त्रींनी पहारेकऱ्याकडून लिफ्टची वीज बंद करवली. आजी ओरडल्या, "अहो, सातव्या मजल्यावर राहते मी! गुडघे तुम्ही देणार का?"

गच्चीवरच्या यंत्रखोलीत फिटर आधीच येऊन थांबला होता. त्यानं ब्रेकला आधार लावला आणि बाजूला झाला. काल सलाम पाठवणारा माणूस आज काट्याकडे बघायला तयार नव्हता. मिस्त्रींनी पिन ठोकून काढायला खिळा आणि हातोडा काढून ठेवला आणि सहज म्हणून पिनेला दोन बोटं लावली. पिन आधीच नखभर बाहेर आली होती. त्यांनी ओढली. निघाली. हातोडा जमिनीवरच राहिला.

काट्याचा हात डोळ्याकडे गेला. त्यानं तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काटा विचार करू लागला. तार आज चुकली. पण त्याआधी कपडे रोज बायकोच वाळत घालायची. मापाच्या नगावर नियम पडताळून पाहिला, तो तर पहिल्याच महिन्यात. नंतर गरजच वाटली नव्हती. सावली काल उलटली की महिन्यापूर्वी, हे डोळ्यानं त्याला कळवलं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"आधीच्या तर ठोकूनच बसल्यात. या महिन्यात आपण आणखी पाच ठिकाणी या पिना दिल्या," मिस्त्री म्हणाले. त्यांनी फोन काढून एकेकाला लावायला सुरुवात केली. पहिल्यानं उचलला. दुसऱ्यानं उचलला. तिसरा म्हणाला, लगेच बंद करतो. चौथाही भेटला.

पाचवी इमारत सगळ्यात उंच होती. तिथल्या फोनची घंटा वाजत राहिली. मिस्त्रींनी तो पुन्हा लावला आणि काट्यालाही ऐकू यावं म्हणून मधे धरला. दोघंही त्या छोट्या खोलीत वाकून उभे राहिले. घंटा वाजत होती, आणि पलीकडे कुणी उचलत नव्हतं.