मंदाताईंनी आम्हाला मतदार केलं

मंदाताईंची पहिली भेट २०१४ च्या गणेशोत्सवातली. डब्लिनला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. प्रसादाच्या रांगेत ताईंनी मोदकाबरोबर मतदारनोंदणीचा अर्जही हातात ठेवला.

"मी इथला नागरिक नाही," मी म्हणालो.

"कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या मतदानाला इथे राहणं पुरतं. राहता ना?"

अर्ज घरी नेला आणि जवळजवळ पाच वर्षं कपाटात ठेवला. आळस म्हणावा, की आपण पाहुणे आहोत ही सोयीची समजूत? अजून ठरवता आलेलं नाही.

ताई व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. चूक सापडेपर्यंत त्या उठत नाहीत, हे त्यांच्या टीममधला प्रत्येक जण सांगेल.

२०१९ मध्ये आमच्या वसाहतीला शाळेसमोर क्रॉसिंग हवं होतं. कौन्सिलकडून ईमेलना उत्तर येईना. ताई म्हणाल्या, "तुमच्यातले मतदार किती, ते आधी सांगा." एकही नव्हता.

मुख्य यादीची मुदत टळली होती. पुरवणी यादीच्या अर्जावर पोलिसांसमोर, म्हणजे गार्डासमोर, सही करायची होती. पोलीस स्टेशन म्हटल्यावर आम्ही सगळेच मागे सरलो.

"चोरी केलीत का कुणी? मग चला!" अर्ध्या दिवसाची रजा काढून ताई आमच्याबरोबर आल्या. गार्डाने पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला आणि म्हणाला, "ग्रँड!" म्हणजे झालं, छान.

मग मतदानाची तालीम झाली. उमेदवार श्रीखंड, पुरणपोळी आणि गुलाबजाम. इथे पसंतीक्रमाने आकडे घालतात. मी एकालाच मत द्यायच्या भारतातल्या सवयीने श्रीखंडापुढे फुली मारली.

"बाद!" ताई कडाडल्या. "इंजिनिअरसाहेब, तुमच्यामुळे श्रीखंड पडलं." माझी बायको सगळ्यात मोठ्याने हसली.

मे महिन्यात आमच्या दारावर पहिल्यांदाच उमेदवार आले. क्रॉसिंगचं बोलणं आम्हीच काढलं. मतपत्रिकेवर मी सावकाश एक, दोन, तीन लिहिलं. क्रॉसिंग अजून झालेलं नाही. पण आता ईमेलला उत्तर येतं.

संसदेसाठी मात्र आम्हाला मत नाही. इथे राहून राबणाऱ्यांना तेही मिळावं म्हणून ताई दर वर्षी खासदारांना पत्र लिहितात. यंदाच्या पत्रावर पहिल्यांदाच माझीही सही आहे.

ताई, साठी पूर्ण झाली म्हणून काम थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. हा हक्क मिळायला वीस वर्षं लागली, तरी त्या पहिल्या मतदानाच्या सकाळी तुम्ही ठणठणीत असाव्यात, मतदानकेंद्रावर आमच्या आधी पोहोचलेल्या असाव्यात आणि उशिरा आल्याबद्दल आम्हाला रागवावं, एवढीच मनापासूनची इच्छा.