निवट्यांचा श्रावण

निवटी हा मासा आहे, पण तिला पाण्यात राहायला आवडत नाही. ही गोष्ट मला कळली तेव्हा आमच्या ओटीवरची काचेची पेटी काठोकाठ भरलेली होती आणि पेटीतल्या निवट्या घरभर पसरल्या होत्या.

सगळं सुरू झालं ते कुसुममुळे. (नवऱ्यानं वाक्य असंच सुरू करायचं असतं.) स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन चार-पाच महिने. मी रेवदंड्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो, कुसुम गिरगावातली. आमच्या घरी आल्यापासून ती दोनच शब्द बोलायची, 'हो' आणि 'नको'.

"भात वाढू?" आई विचारायची.

"नको."

"पोट भरलं?"

"हो."

मग संध्याकाळी एकटीच मागच्या वाडीत पोफळींकडे बघत उभी राहायची. आई माझ्याकडे बघायची, मी नानांकडे बघायचो आणि नाना, म्हणजे माझे वडील, आढ्याकडे बघायचे. आपलं माणूस आपल्याच घरात असं मिटून राहिलं की जिवाला फार लागतं.

तशात मला मत्स्यालय आठवलं. लग्नानंतर आम्ही दोघं मुंबईतलं नवं मत्स्यालय बघायला गेलो होतो. एका पेटीसमोर कुसुम जी उभी राहिली ती हलेचना. तळाशी दगड आणि दगडांच्या बेचक्यांत बोटाएवढे मासे. तिचे डोळे मोठे झाले, ओठ जरासे उघडले आणि ती म्हणाली, "किती छान आहेत हो!" अंतरपाट दूर झाला तेव्हा तिनं माझ्याकडे अगदी याच नजरेनं पाहिलं होतं! मी तिथल्या तिथे विरघळलो होतो.

ठरलं. श्रावणात ती मंगळागौरीला माहेरी गेली की आपण ओटीवर मत्स्यालय करायचं. परत आल्यावर तिला वाटलं पाहिजे की हे घर आपलं आहे.

नानांच्या पुस्तकांच्या कपाटाची दारं निखळवून मी काचा काढल्या, पत्र्याची चौकट करून घेतली, फटींत लुकण भरलं. पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा नाना शेजारीच सतरंजीवर झोपले होते. उठले ते ओलेचिंब.

"छप्पर गळतंय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. (त्यांनी भर पावसात गडी कौलावर चढवला!)

मग किल्ल्याच्या बाजूनं कालवं चिकटलेले दगड आणले. खाडीचं पाणी आणलं, पण पावसानं ते फिकं पडलं होतं. समुद्राचं पाणी खारट हवं, हे भूगोलाच्या मास्तराला कोण सांगणार? मी स्वयंपाकघरातलं खडेमीठ ओंजळीनं टाकू लागलो.

आई दारात उभी राहून बघत होती. "अरे, मासे आणण्याआधीच मीठ लावतोस?"

आता मासे. पण समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या. खाडीत मिळतील तेवढेच. पारूबाय कोळीण टोपलीत निवट्या घेऊन बसली होती. निवटी मी लहानपणापासून ओळखायचो, मुख्यतः ताटात. ओहोटीला चिखलात उड्या मारतानाही पाहिली होती, आणि माझं मत असं की पाणी आटतं म्हणून बिचारी उड्या मारते. भरपूर पाणी दिलं तर सुखी होईल!

"जित्त्या हव्यात," मी म्हटलं.

"मास्तर, तुमी सरावन पालताव ना? आनि जित्त्या कनाला?"

"पाळायला."

पारूबायनं कपाळाला हात लावला. "आवो, कोंबरी पालतान, बकरी पालतान. निवटी खातान!"

तरी मी त्या आणल्याच. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत मासे बंद. कोळी दर्याला नारळ देत आणि त्याच दिवशी आमच्या पातेल्यात मासा परत येई. तोवर घरात कांद्याचंसुद्धा नाव नाही. अशा घरात ओटीवर आठ-दहा जिवंत निवट्या! नाना वर्तमानपत्र घेऊन पेटीसमोर बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. पान मात्र उलटायचे नाहीत.

"नाना, काय बघताय?"

"काही नाही रे. ती डावीकडची चांगली भरलीय."

चार-पाच दिवसांत दगडांवरची कालवं मेली आणि वास सुटला. तो वास ओटीवरून अंगणात, अंगणातून शेजारच्या अण्णांकडे गेला. अण्णा कुंपणापाशी येऊन नाक वर करून उभे.

"वहिनी, श्रावण आहे हो. आठवण आहे ना?"

आईचा चेहरा लाल झाला. तिच्या माहेरी-सासरी सात पिढ्यांत कुणी श्रावण मोडला नव्हता! "भाऊजी, आमच्या घरी मासे आहेत, पण आम्ही खात नाही," ती म्हणाली. अण्णांनी जशी मान हलवली, त्यावरून दुपारपर्यंत ही बातमी गावभर होणार हे नक्की झालं. आत येऊन आई मला म्हणाली, "आज ते दगड बाहेर, नाहीतर तू बाहेर."

मी दगड बाहेर काढले. पाणी बदललं आणि निवट्यांना मोकळं वाटावं म्हणून पेटी पार काठोकाठ भरली. आता त्यांना टेकायला तसूभर जागा राहिली नाही. त्या दिवशी श्रावणी सोमवार होता.

आई पूजेला बसली होती. मी शाळेत निघण्यासाठी टोपी शोधत होतो. तेवढ्यात देवघरातून किंकाळी! धावत गेलो. ताम्हनात महादेवाची पिंडी, पिंडीवर बेल आणि बेलावर एक निवटी, दोन डोळे वर काढून, आईकडे बघत.

"काढ तिला!"

नाना मागून आले. "असू दे गं. देवाच्या दारी आलीय. मत्स्यावतार म्हण!"

"मत्स्यावतार विष्णूचा! ही पिंडी शंकराची आहे!"

तोवर एक न्हाणीत सापडली, एक नानांच्या चपलेत आणि एक माझ्या टोपीत. (ती मी डोक्यावर ठेवल्यावर सापडली.) मी, नाना आणि गडी, तिघं परकराचा बोळा, सूप आणि चाळण घेऊन घरभर ओणवे फिरत होतो. बाकीच्या निवट्या मांजरीनं वेचल्या. घरात तेवढी एकच होती जिला श्रावण नव्हता.

चार उरल्या. पाणी निम्म्यावर आणलं, एक स्वच्छ दगड ठेवला, वर पुरणाची चाळण आणि चाळणीवर पाटा! निवट्या दगडावर चढून बसल्या. मग मात्र माझी झोप उडाली. कुसुम येईपर्यंत या चार जगल्या पाहिजेत! रोज शाळेतून आलो की आधी चाळण उचलायची आणि मग चहा.

जगल्या. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी कुसुमला एसटीवरून घरी आणलं. ओटीवर पाय ठेवताच ती थांबली. डोळे मोठे झाले, ओठ जरासे उघडले. माझी छाती फुगली.

"तुझ्यासाठी केलंय. मत्स्यालयातले मासे तुला आवडले होते ना?"

"खूप! मी तर तिथेच विचार करत होते की..." तिनं आईकडे बघून जीभ चावली.

"काय?"

"की यांचं कोकम घालून सुकं काय झकास होईल!"

मग आई म्हणाली, "कोकम? निवटीला आम्ही चिंच घालतो."

"चिंचेनं वास मरत नाही हो, आई."

"मरत नाही? माझ्या हातचं खाल्लंयस कधी?"

"तुम्ही माझ्या हातचं कुठे खाल्लंय? पहिल्या दिवसापासून 'बस, दमली असशील' म्हणता. चूल तुमची, मी आपणहून हात कसा लावू?"

नव्या नवरीला त्रास नको म्हणून आईनं कुसुमला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं, आणि एवढ्याशा गोष्टीपायी ती पोर चार महिने पोफळींशी बोलत होती! आईनं तिचा हात धरला आणि दोघी भांडत भांडत आत गेल्या. त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं, खरंच सांगतो. नाना तर छत्री उघडून केव्हाच पारूबायकडे निघाले होते. चार निवट्यांत कुणाचं काय होणार?

त्या रिकाम्या पेटीत पुढे आईनं वर्षाचे पापड ठेवले. त्या रात्री सुकं मी तीनदा मागून घेतलं. चौथ्यांदा मागायला मान वर केली तर कुसुम माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे, ओठ जरासे उघडे.

अंतरपाटाच्या वेळची ती नजर मी प्रेमाची समजलो होतो. संसार सुखाचा झाला, तक्रार नाही. पण लग्नाच्या दिवशी तिनं मला मनातल्या मनात कोकम लावलं होतं की चिंच, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.