विसूनं न सोडलेली खुर्ची

फोन आला तेव्हा मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. माझ्या मुलीची, गार्गीची, प्रमाणपत्रं हातात होती आणि दुकानदार विचारत होता, एक संच काढू की दोन. दोन काढ, असं विसूनंच आदल्या दिवशी बजावलं होतं. एक नाट्यविद्यालयासाठी, एक विद्यापीठाच्या नाट्यविभागासाठी. "पोरीचा अजून ठरत नाय. तवर दोन्ही दारा उघडी ठेव," म्हणाला होता. फोनवर विसूची बायको, कुंदावहिनी होत्या. म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा घेतलान आणि खुर्चीतच..." दुकानदार पुन्हा म्हणाला, काका, एक की दोन? मी दोन म्हणालो. जवळचं माणूस गेल्यावर तोंडातून पहिला शब्द असलाच काहीतरी निघतो.

विसू आणि मी पोफळीच्या वसाहतीतले शेजारी. मी ऑफिसात कारकून, तो डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात, कंट्रोल रूमला ऑपरेटर. त्या कामाचा एक रिवाज होता. शिफ्ट संपली म्हणून माणूस उठून चालायला लागायचा नाही. पुढच्या पाळीचा यायचा, मीटरचे काटे बघायचा, कुठलं मशीन चालू आहे, कुठलं बंद आहे हे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "घेतला." म्हणजे चार्ज घेतला. हा एक शब्द कानावर पडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. एका गणपतीत वाटेवर दरड आली आणि विसूच्या जागी येणारा अडकला. इकडे मंडपात वसाहतीचं नाटक, विसू त्यात नायिकेचा बाप. पडदा किती वेळ अडवून धरणार? शेवटी त्याचं धोतर मला नेसवून उभं केलं. दुसऱ्या अंकाला विसू धापा टाकत आला आणि उरलेला बाप त्यानं केला. पहिल्या अंकातला बाप काळा, किडकिडीत आणि दुसऱ्यातला गोरा, ढेरपोट्या. पुढे वर्षभर लोक मला 'पहिला बाप' म्हणत होते. विसूला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "घेतला म्हणणाराच नव्हता, तर उठू कसा?" एवढंच म्हणाला.

नट म्हणून तो कसा होता? मोठा होता, आवाजानं. दिवसभर मशीनच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे त्याचं प्रेमाचं वाक्यसुद्धा नदीपल्याड जायचं. पुढच्या रांगेतल्या बायका त्याचा प्रवेश आला की खुर्च्या मागे सरकवायच्या. पण हौस अशी की तिला तोड नाही. निवृत्तीनंतर तो रत्नागिरीत आला, मागोमाग मीही. वसाहत सोडताना त्यानं भंगारात निघालेली कंट्रोल रूममधली जुनी लोखंडी खुर्ची मागून आणली आणि नव्या घराच्या पडवीत मांडली. संध्याकाळी तो त्या खुर्चीत आणि मी समोरच्या बाकावर. माझी बायको दीर्घ दुखण्यानंतर गेली तेव्हापासून मला फारसं बोलावंसं वाटत नसे. विसूला ते चालायचं. त्याचे कानही वयानं मंदावले होते. मी न बोलणारा आणि तो न ऐकणारा, म्हणून तर जमलं असेल...

गार्गी बीएस्सी झाली आणि म्हणाली, मला अभिनय शिकायचाय. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही अंगात जोर लागतो. मी एवढंच म्हटलं की मग विद्यापीठात जा. दोन वर्षांत एमए होईल, पुढे सेट-नेट दे, कुठे तरी शिकवशील. शिवाय शनिवार-रविवार घरी येता येईल. ती म्हणाली, नाट्यविद्यालयात पदवी मिळत नाही, पण तीन वर्षं दुसरं काही करायचंच नाही, सकाळपासून फक्त हेच. ते विद्यालय होतं पार दुसऱ्या राज्यात आणि शिकवणं हिंदीतून. आमच्याकडची हिंदी कशी असते ते सांगायला नको. मी थकून विषय विसूवर ढकलला. म्हटलं, बाबा रे, तूच काय तो निवाडा कर.

विसूनं तो मनावर घेतला. गार्गीला घेऊन तो दोन्ही ठिकाणी जाऊन आला. माहितीपत्रकातलं काही विचारलं नाही म्हणे त्यानं. जो विद्यार्थी भेटेल त्याला एकच विचारायचा, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता? विद्यालयातली मुलं म्हणाली, हॉल झाडतो, मग अनवाणी व्यायाम, मग आवाजाचा तास, जेवायला कधी बसलो ते आठवत नाही. विद्यापीठातली म्हणाली, अकराला वर्ग, नाटकाचा इतिहास, समीक्षा, वाचन भरपूर, तालीम संध्याकाळी, आणि सकाळी कुणी कुणी नोकरीही करतात. परत आल्यावर पडवीत बसून त्यानं सांगितलं, "ह्या बघ गो, विद्यालय म्हणजे आपला वीजगृह. बोगद्यातून एकदा आत गेलीस की बाहेर ऊन हाय की पाऊस, कळायचा नाय. आणि विद्यापीठ म्हणजे वसाहत. शाळा हाय, दवाखाना हाय, फुलझाडा हायत. वाईट काय नाय त्यात. मी दोन्हीकडे जगलोय." मी म्हटलं, मग निवाडा काय? तर म्हणाला, "निवाडा तिचा. मी काटे वाचून दाखवले."

त्यानंतर मागच्या वर्षी तिनं विद्यालयासाठी चाचणी दिली. तयारी विसूची. पडवीत तो खुर्चीत आणि ही पार अंगणाच्या टोकाला विहिरीपाशी. ऐकू आलं नाही की तो हात वर करायचा, की हिनं आवाज आणखी चढवायचा. शेजारच्या कुत्र्यालाही ते स्वगत पाठ झालं असेल. चाचणी होती एका छोट्या खोलीत, परीक्षक हाताच्या अंतरावर. गार्गीनं पोफळीच्या मंडपाला पुरेल एवढा आवाज लावला. मेलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईचं बोलणं होतं ते. एक परीक्षक बाई मऊपणे म्हणाल्या, बेटा, आम्ही इथेच बसलोय. निवड झाली नाही. पोरगी घरी येऊन रडली आणि नंतर हसली. विसू हसला नाही. मग एके दिवशी त्यानं बाक उचलून खुर्चीला टेकवला, गार्गीला त्यावर बसवलं आणि म्हणाला, "आता हळू बोल. माका ऐकू येईल असा नको बोलू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती हळू बोलायची आणि तो तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. बाकावरची माझी जागा गेली, मी पायरीवर. विसू जाण्याच्या थोडे दिवस आधी, तिचं बोलणं संपल्यावर त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "आता बरोबर." मी विचारलं, विसू, तुला ऐकू तरी आलं का? "नाय," म्हणाला, "पण दिसला." त्याचे डोळे भरले होते. आयुष्यभर गर्जना केलेल्या त्या माणसाला हळू आवाजाची किंमत सत्तरी ओलांडल्यावर कळली आणि ती त्यानं लगेच माझ्या मुलीला देऊन टाकली. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला जन्मभर मानीन. जन्म आता उरलाय किती म्हणा...

तेराव्यानंतर आम्ही बापलेक वहिनींकडे गेलो. पडवीतली खुर्ची होती तिथेच होती. येणारे-जाणारे तिला वळसा घालून आत जात होते. वहिनींनी सहज विचारलं, काय गो, भरलास काय अर्ज? गार्गी म्हणाली, विद्यापीठाचा भरला, विद्यालयाचा नाही भरत. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, असंच, लांब आहे, हिंदी आहे. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बापाला खरा काय ता सांग. नायतर मी सांगतंय."

गार्गी पायरीवर बसली आणि जमिनीकडे बघत बोलली. विसूनं तिला विद्यालय बघून येताना गाडीतच विचारलं होतं, मनात कुठलं आहे. ती म्हणाली होती, हेच, पण बाबा एकटे पडतील, आई गेल्यापासून ते जेवतातसुद्धा मी वाढलं तरच. त्यावर विसू म्हणाला होता, "तू जा. बापाचा चार्ज मी घेतला." एवढ्या भरवशावर ती रोज त्या बाकावर बसत होती. "आता काका नाहीत," ती म्हणाली. "मग मी कशी उठू, बाबा?"

मला ठाऊकच नव्हतं की मी कुणाचा तरी चार्ज आहे. रोज संध्याकाळी विसू मला बोलावून घ्यायचा, जेवलास काय म्हणून ओरडून विचारायचा, आणि मी आपला समजत होतो की म्हातारा रिकामपणाला कंटाळतो म्हणून मी त्याला सोबत करतोय. खुर्चीवर धूळ बसली होती. माझे गुडघे दुखत होते, मन तर त्याहून थकलेलं. मला त्या घडीला काहीही करायची इच्छा नव्हती, हे खरं. तरी मी उठलो, खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची पुसली आणि तिच्यात बसलो. लोखंड गार होतं, खुर्चीच्या हातांवरचा रंग विसूच्या तळव्यांनी उडालेला होता. वहिनी दारातच थांबल्या.

गार्गीला म्हटलं, घरी जाऊन विद्यालयाचाही अर्ज भर, दुसरा संच त्याला लाव. ती म्हणाली, आणि तुम्ही? विसूसारखा आवाज मला कधीच नव्हता. हळूच म्हणालो, पण तिला ऐकू गेलं.

"घेतला."