सातव्या ट्रेमधला चर्ट

“मॅडम, हा दगड ओढ्याकाठचा असूच शकत नाही!” मृण्मयीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मृण्मयी पुण्याची. व्हाइटफील्डमधली आयटीची नोकरी सोडून पीएचडी करत होती. सर्जापूर रोडवरच्या ट्रॅफिकमधून वाट काढत रोज आमच्या कलेक्शनमध्ये यायची. मी इथली क्युरेटर. आदिमानवाची दगडी हत्यारं नोंदवायची, जपायची आणि अभ्यासकांना काढून द्यायची, हे माझं काम.

सातवा ट्रे ओढ्याकाठच्या जागेचा. तिथे फक्त चुनखडीचा दगड मिळतो. ट्रेमध्ये मात्र काही हत्यारं चर्टची होती. चर्ट म्हणजे फोडला की पात्यासारखी धार येणारा गुळगुळीत दगड. तो सापडतो लांबच्या टेकडीवर.

“म्हणजे माणसं एवढ्या लांबून दगड वाहून आणायची. माझा अख्खा चॅप्टर यावर आहे.” महिन्याभरात तिला थीसिस सबमिट करायचा होता.

मी “छान” म्हटलं आणि स्टोअरमध्ये जाऊन उगाच कपाटं उघडत बसले.

आठवलं ते माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. निपाणीहून नुकतीच आले होते. हत्यारं धुऊन गच्चीवर वाळत घातली होती. प्रत्येकाखाली जागेचं नाव लिहिलेली चिठ्ठी. दगडावर शाईने नंबर घालायचं काम मी दुसऱ्या दिवसावर ढकललं. वारा सुटला आणि टेकडी आणि ओढा, दोन्ही ट्रेमधल्या चिठ्ठ्या उडाल्या. तेव्हा मला दगड ओळखता येत नव्हते. अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या, वर पक्के नंबर घातले. कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे हत्यार कुठे सापडलं यालाच किंमत. ते पुसलं गेलं की उरतो नुसता दगड.

मृण्मयीला तो चर्ट दिसल्यावर दोन दिवसांनी मी हे सगळं डायरेक्टर सरांना सांगितलं. ते कन्नडमध्ये म्हणाले, “सरी, ठीक आहे, झालं ते झालं. आता कोण विचारतंय?”

“मृण्मयी विचारतेय, सर.”

“मग तुम्हीच सांगा तिला,” ते म्हणाले.

सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. “बाकीचे ट्रे बरोबर आहेत?”

“आहेत. गोंधळ त्या दोनच ट्रेमध्ये.”

“हे मी कशावरून मानू?”

चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी आली ती भिंग घेऊन. ओढ्याकाठच्या मातीत चुना असतो. तो दगडाच्या खाचांत पांढरा घट्ट बसतो, धुऊनही निघत नाही. टेकडीची माती लाल. आम्ही दोघींनी आठवडाभर एकेक खाच तपासली. बहुतेक चर्टच्या खाचांत लाल माती निघाली. तीन दगडांवर मात्र पांढरा थर होता. ते खरोखरच ओढ्याकाठचे होते.

तीन दगडांवर चॅप्टर उभा राहत नाही. मृण्मयीने तो काढला, सबमिशन सहा महिने पुढे गेलं. त्या तीन दगडांची तिने एक तळटीप केली. रजिस्टरमध्ये ज्यांची खात्री पटली नाही त्यांच्यापुढे मी ‘स्थळ अनिश्चित’ लिहिलं, कारण लिहिलं, खाली सही केली.

आता नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: चूक झाली की त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा. त्या दिवशी ती एका ओळीत मावते.