चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

माझा नवरा श्रीनिवास देवापुढे पाच मिनिटं बसायचा नाही, पण काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घेऊन गराजमध्ये तीन-तीन तास बसेल. आमची गाडी बाहेर भिजते. आमची मुलगी ईरा रायफल शूटिंग करते आणि तिची काडतुसं हा घरीच भरतो. एकदा उडालेली पुंगळी फेकायची नाही. तळाची जळकी टोपी काढायची, पुंगळी धुवायची, साच्यात दाबून मापात आणायची, लांबी मोजून वाढलेली कड कापायची. मग वाकवलेली तार आत घालून तळाशी खाच लागते का ते डोळे मिटून चाचपायचं. लागली तर ती आतून झिजलेली, फुटायच्या बेतातली, म्हणून बाद. माझा हात त्याने इतक्या मायेने कधी धरल्याचं मला आठवत नाही.

यंदा देशाच्या तरुणांच्या टीमसाठी ईराच्या निवडीचं शेवटचं वर्ष होतं. पंचविशीनंतर त्या टीमचं दार बंद. तिच्याच रायफलमध्ये उडवून तिच्याच मापाच्या झालेल्या शंभर पुंगळ्या त्याने वर्षभर जपल्या होत्या. रविवारी निवडीचा सामना. गुरुवारी त्या धुऊन सिंकपाशी वाळत ठेवून तो कामासाठी मँचेस्टरला गेला; शनिवारी परतून भरणार होता.

शनिवारी पाडवा होता. मी गुरुवारीच ताम्हन, तांब्या, समई चिंच-मिठाच्या पाण्यात घातली आणि मनात म्हटलं, बिचाऱ्याचंही पितळ लख्ख करून ठेवू. एका बाउलमध्ये पुंगळ्या बुडवल्या. मग मंडळाच्या श्रीखंडाच्या गडबडीत भांडी निघाली, बाउल तसाच राहिला. दोन दिवस.

शनिवारी दुपारी त्याने बाउल उचलला तेव्हा पितळ गुलाबी पडलं होतं.

"जस्त गेलं गं यातलं," तो म्हणाला.

"घासून देते ना."

"वरून घासून काय होणार? आतून किती कच्चं झालंय ते कळायला मार्ग नाही. उद्या एखादी फुटली तर? तिचा गाल रायफलला तिथेच टेकलेला असतो, स्वाती."

तीनच्या सुमाराला ईरा कार्डिफहून आली. तिला सांगितल्यावर ती बाउलकडे धावली.

"बाबा, प्लीज. दुकानातल्या काडतुसांनी माझा ग्रुप बसत नाही, गोळ्या विखुरतात, यू नो दॅट. आय विल टेक द रिस्क. माझा लास्ट चान्स आहे हा."

त्याने पक्कड घेतली आणि एकेका पुंगळीचं तोंड चेपायला लागला. ईराने त्याचं मनगट धरलं, रडली, विनवण्या केल्या. तो थांबला नाही. त्याचेही डोळे वाहत होते. शंभरच्या शंभर चेपल्या.

"हे चिंचेत कोणी टाकलं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण तोच आधी म्हणाला, "मी."

आणि मी गप्प बसले. भित्री कुठली.

रविवारी ती दुकानातली काडतुसं घेऊन उतरली आणि तीन गुणांनी राहिली. त्याला सहा आठवडे झाले. ती बाबांशी बोलत नाही. तो मला एका शब्दाने बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज ठरवते, आज सांगून टाकू. तिचा फोन आला की जीभ उचलत नाही. तो समोर बसून ऐकत असतो, फोन आपल्यालाही मिळेल म्हणून.

काल ती म्हणाली, "आई, तू आहेस म्हणून मी घरी फोन तरी करते."

मी म्हटलं, "हो गं बाळा."